एकाच आवाजाच्या दोघी

सकाळी उठल्यावर पहिला शब्द ती माणसाशी बोलत नसे, पेल्याशी बोले. गॅसवर पाणी कोमट करायचं, स्टीलच्या पेल्यात ओतायचं, आणि प्यायच्या आधी पेल्यात तोंड घालून हळूच म्हणायचं, "कोण आहे?" पेला जो काही आवाज परत करील तो त्या दिवसाचा आवाज. कधी घोगरा, कधी कोरडा, कधी पडसं होणार असल्याची आधीच चाहूल देणारा. मग ती पाणी पिऊन टाके आणि घरातल्यांशी बोलायला मोकळी होई. तिचा नवरा चष्म्याच्या दुकानात काम करायचा. तो म्हणे, "लोक सकाळी आरशात बघतात, आमच्याकडे पेल्यात बघतात."

ती आवाजाची कामं करायची. परदेशी मालिका आपल्या भाषेत आणणाऱ्या एका छोट्या डबिंग स्टुडिओत तिचं काम गर्दीचं होतं. पडद्यावर बाजार असेल, दंगल असेल, बोट बुडत असेल, तर मागून जो कल्लोळ ऐकू येतो तो चार-पाच माणसं एका बंद खोलीत उभी राहून करतात. माइककडे पाठ करून एकदा, भिंतीकडे तोंड करून एकदा, चालता चालता एकदा. त्यात ती एकटी पाच बायका व्हायची. भाव करणारी, मूल हरवलेली, उगाच हसणारी, कुणाला तरी हाक मारणारी, आणि एक नुसती खोकणारी. स्टुडिओत तिला सगळे गर्दीताई म्हणत. नवीन माणसाला हे नाव विचित्र वाटे. मग तो तिला एकदा काम करताना पाही आणि त्यालाही दुसरं नाव सुचत नसे.

स्टुडिओ म्हणजे एका जुन्या इमारतीतल्या तीन खोल्या. पहिलीत बाकडी आणि चहाचा थर्मास, दुसरीत रेकॉर्डिस्ट आणि त्याची यंत्रं, आणि काचेपलीकडे तिसरी, भिंतींना जाड कापड लावलेली, जिथे पंखा चालवता येत नसे. पंख्याचा आवाज येतो म्हणून. उन्हाळ्यात अंतराळातले लोक बर्फाच्या ग्रहावर कुडकुडत असत आणि त्यांचे आवाज घामाने निथळत असत.

ती अंतराळाची मालिका वर्षानुवर्षं चालली. एक मोठं जहाज, त्याचा कप्तान, त्याचे शत्रू, शत्रूंचे शत्रू. कप्तानाला नाव असलेला नट आवाज देई, तो गाडीने येई आणि गाडीने जाई. बाकीची पात्रं स्टुडिओतल्यांमध्ये वाटली जात. त्यातली एक होती जहाजाची गोदामवाली. बुटकी, रुंद, कमरेला किल्ल्या. सैनिक बंदुका न्यायला येत, ही पुढे रजिस्टर सरकवी. एका भागात तिची दोन वाक्यं असत, फार तर तीन. ज्या बाईला हे काम दिलं होतं ती त्या दिवशी आली नाही, म्हणून डबिंग दिग्दर्शक दार उघडून बाहेर म्हणाला, "ताई, दोन ओळी आहेत, मारून टाका."

ताईंनी मारून टाकल्या. पण कोणत्या आवाजात, याचा विचार करायला वेळ नव्हता, म्हणून जो सगळ्यात जवळ होता तो घेतला. तो तिच्या सासूबाईंचा होता.

सासूबाई मोजकं बोलत. त्यांचं एक वाक्य म्हणजे इतरांच्या पाऊण शब्दाएवढं. "ठेव." "आणलंस?" "मग?" रागावल्या तर उलट आवाज खाली जाई आणि शेवटचं अक्षर त्या दाताखाली धरून ठेवत. भांडण कधीच करत नसत. नुसतं विचारत, "मी काही बोलले का?" आणि त्यावर आजवर कुणालाही उत्तर सुचलेलं नव्हतं. लग्न होऊन आल्यापासून गर्दीताईने तो आवाज स्वयंपाकघरात, जिन्यात, बंद दारामागून इतका ऐकला होता, की तो काढायला तिला काही करावं लागलं नाही. फक्त जबडा थोडा आवळला.

"सही कर," गोदामवाली पडद्यावर म्हणाली. "मागच्या वेळचं परत आणलंस?"

काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट हसला. दिग्दर्शक म्हणाला, "ही आता तुमचीच."

पुढे कधीतरी चंद्रतळावरची बाई आली. ती दिसत नसे. जहाज कुठल्याशा चंद्रावर उतरायला लागलं की तिथून वायरलेसवर एका बाईचा आवाज येई, "थांबा. तुमच्या आधी दोघं आहेत." एवढंच. ते काम संध्याकाळी सगळे निघायच्या घाईत आलं. गर्दीताईने चपला घातल्या होत्या. तिने चपला न काढता गोदामवालीच्याच आवाजात वाक्य म्हणून टाकलं आणि रेकॉर्डिस्टने त्यावर खरखर चढवली.

"अरे, हा तर तोच आवाज झाला," ती जिन्यापर्यंत जाऊन परत येत म्हणाली.

"होऊ दे हो," दिग्दर्शक कुलूप शोधत होता. "एक जहाजाच्या तळघरात, दुसरी चंद्रावर. या दोघी कधी भेटणार आहेत?"

डबिंगमध्ये असं चालतं. एकाच घशातून सेनापती आणि त्याचा न्हावी दोघे निघतात. फक्त त्यांना एकमेकांसमोर आणायचं नसतं, आणि ते आणणं आपल्या हातात नसतं. मूळ मालिका जिथे लिहिली जात होती तिथे या दोन बायकांना दोन वेगळ्या नट्या होत्या. तिथल्या कुणाला हा प्रश्न पडायचं कारण नव्हतं.

घरी मालिका लागे तेव्हा सासूबाई सोफ्याच्या मधोमध बसत. नवरा बाजूच्या खुर्चीत. गर्दीताई स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकून उभी राही, कारण आत काहीतरी गॅसवर असे. गोदामवाली आली की सासूबाई पुढे सरकत. "त्या जहाजावर ही एकच बाई कामाची आहे," त्या म्हणत. नवरा चष्मा काढून पुसत बसे. हसू आलं की तो चष्मा पुसायचा. त्याची काच घरात सर्वांत स्वच्छ होती.

मूळ मालिका संपली. मग ती काढणाऱ्या कंपनीने प्रेक्षकांना विचारलं, कोणत्या दुय्यम पात्राची स्वतंत्र मालिका बघायला आवडेल? सुचवा. जगभरातून लोक सुचवू लागले. स्टुडिओतही महिनाभर चहाला दुसरा विषय नव्हता.

रेकॉर्डिस्टचं म्हणणं, दाराची काढा. जहाजातलं आपोआप उघडणारं दार, जे 'दार बंद होत आहे' म्हणतं. "विचार करा, त्याच्यासमोर काय काय झालं असेल. आणि त्याला एकच वाक्य येतं बिचाऱ्याला."

दिग्दर्शकाला शत्रूचा शिंपी हवा होता. "हजारो सैनिक, सगळ्यांचे काळे झगे मापात. कोण शिवतो? बटणं कोण लावतं? त्या माणसाची बाजू कुणी ऐकलीय?"

तिसरी होती जाहिरातवाली. तिशीतली, जाहिरातींत साबण आणि गाद्या विकणारा गोड आवाज, आणि प्रत्यक्षात जीभ कात्रीसारखी. ती म्हणाली, "दर भागाच्या सुरुवातीला जो शिपाई मरतो ना, त्याच्या घरची काढा. दर भागात नवीन घर. कुणी दाराशी वाट बघतंय, कुणी म्हणतंय गेला ते बरं झालं."

"फार रडकं," दिग्दर्शक म्हणाला.

"साबणाची जाहिरात घालू मधे. ताई, तुमचं काय?"

गर्दीताईने थर्मासचं झाकण पिळून बंद केलं. "गोदामवाली घरी जाते तेव्हा तिला कोण विचारतं, 'आणलंस?' ते बघायचंय मला."

कुणी हसलं नाही, म्हणून तीच हसली.

निकाल लागला तेव्हा दिग्दर्शकाने बातमी बाकावर बसून वाचून दाखवली. गोदामवालीचीच मालिका निघणार होती. ती निवृत्त होते, सामान घेऊन घरी निघते, आणि वाटेत चंद्रतळावर अडकते. बाहेर वादळ. तळावर एकच माणूस, ती वायरलेसवरची बाई. "एक खोली, दोन बायका," दिग्दर्शक वाचत होता, "आणि सगळे भाग..." तो थांबला. त्याने मान वर केली. रेकॉर्डिस्टने आधीच डोक्याला हात लावला होता.

"भेटल्या," जाहिरातवाली म्हणाली.

गर्दीताईच्या लक्षात आलं ते वेगळंच. मालिका गोदामवालीच्या नावावर होती. म्हणजे पहिलं नाव. पाटीवर, पडद्यावर, सुरुवातीला. इतकी वर्षं गर्दीत उभं राहिल्यावर तिला एवढं एक काम हवं होतं आणि ते तिच्याच घशात आधीपासून बसलेलं होतं. तिने हे कुणाला सांगितलं नाही. घरी नवऱ्याला सांगितलं, पण कांदा चिरताना, म्हणजे डोळ्यांकडे त्याचं लक्ष जायला नको.

कंपनी मुख्य पात्राला नाव असलेला आवाज घेते, ही रीतच होती. दिग्दर्शकाने तिच्यासाठी बराच वाद घातला. प्रेक्षकांना हाच आवाज माहीत आहे, बदलला तर ओरडतील. शेवटी कंपनीने मान्य केलं. गोदामवाली गर्दीताईची. चंद्रतळावरची बाई नुसती खरखरीत ऐकू आलेली, तिचा आवाज बदलला तर चालेल. ती जाहिरातवालीला मिळाली.

नवऱ्याने दुकानात सगळ्यांना सांगितलं. चष्मा न लागणारे लोकही अभिनंदन करून गेले. सासूबाई म्हणाल्या, "बरं झालं." म्हणजे त्या फार खूश होत्या.

एरवी डबिंगमध्ये प्रत्येक जण एकटा बोलतो. समोरच्याचं वाक्य हेडफोनात येतं, मूळ भाषेत, आणि त्यावर आपलं टाकायचं. पण या दोघींची भांडणं एकमेकींवर चढलेली होती, म्हणून दिग्दर्शकाने दोघींना एकाच खोलीत उभं केलं. पंखा बंद. पहिलाच प्रसंग असा होता, की गोदामवाली चंद्रतळावरच्या फळीवरचं सामान बघते आणि आपल्या पद्धतीने लावायला घेते.

"हे कोणी लावलं?" गर्दीताई म्हणाली. जबडा आवळून, शेवटचं अक्षर दाताखाली धरून.

"मी," जाहिरातवाली म्हणाली. "माझी खोली आहे. मी ठेवीन तिथे राहील."

टेक चांगला झाला. दिग्दर्शकाने दुसरा मागितला, ओठ जुळत नव्हते. मग तिसरा. प्रत्येक वेळी गर्दीताई विचारी, हे कोणी लावलं, आणि प्रत्येक वेळी ती मुलगी समोर उभी राहून न अडखळता म्हणे, माझी खोली आहे. तिसऱ्या टेकनंतर गर्दीताईने हेडफोन काढून गळ्यात अडकवला आणि ती बाटलीतलं पाणी प्यायली. पाणी पिऊन झाल्यावरही बाटली तोंडाशीच धरून ती उभी राहिली.

"दादा," ती काचेकडे बघत म्हणाली, "आपण बदलून बघायचं का?"

"काय बदलून?"

"ही माझं बोलेल. मी हिचं."

काचेपलीकडून दिग्दर्शकाचा आवाज स्पीकरमधून आला. "ताई, मालिकेचं नाव काय आहे?"

"माहीत आहे."

"मी तुमच्यासाठी किती भांडलो माहीत आहे?"

"तेही माहीत आहे. एकदा बघू नुसतं."

जाहिरातवालीने कागद छातीशी धरला होता. "मला नाही जमायची ताई. ती तुमची आहे."

"माझी कुठे? माझ्या सासूबाईंची आहे," गर्दीताई म्हणाली. हे तिने स्टुडिओत पहिल्यांदाच सांगितलं. रेकॉर्डिस्ट स्पीकरच्या बटणावरचं बोट काढायला विसरला, त्यामुळे त्याचं हसणं दोघींच्या कानात गेलं.

एकदा बघू म्हणून बघितलं. जाहिरातवालीची गोदामवाली तेव्हा नुसती खवट वाटली. गर्दीताईची चंद्रतळावरची बाई त्याहून वाईट. तिने आधी जाड आवाज लावला, मग नाकातला, मग एक म्हातारीचा. दिग्दर्शक प्रत्येकाला ओळखत होता. "ही बाजारातली. ही बोट बुडते तेव्हाची. ही कुणाला तरी हाक मारत असते ना, ती." ती थकली आणि वाक्य संपवायचं म्हणून कुठलाच आवाज न लावता नुसतं म्हणाली. आवाज पातळ होता, शेवटाकडे जरा घाई करणारा, कुणी मधेच तोडेल अशा धास्तीने.

"हा कुणाचा?" दिग्दर्शकाने विचारलं.

"पुढे घ्या ना दादा."

त्याने घेतलं. मग कंपनीला विचारावं लागेल म्हणाला, आणि आठवडा मागितला.

त्या आठवड्यात जाहिरातवाली तिच्या घरी आली. सासूबाईंना सांगितलं होतं, स्टुडिओतली मैत्रीण येणार आहे. सासूबाई सोफ्यावर होत्या.

"बस," त्या म्हणाल्या. ती बसली. "चपला सरळ ठेव आधी."

ती उठली, चपला सरळ ठेवल्या, परत बसली.

"लग्न?"

"नाही केलं."

"का?"

"सासूची भीती वाटते," जाहिरातवाली म्हणाली.

नवऱ्याने चष्मा काढला. सासूबाईंनी तिच्याकडे नीट बघितलं. खालच्या आवाजात, शेवटचं अक्षर धरून म्हणाल्या, "मी काही बोलले का?"

जाहिरातवालीचे ओठ किंचित हलले. ती ते वाक्य आत म्हणून बघत होती. दुपारभर ती तिथेच बसली. गर्दीताई चौकटीतून ऐकत होती. निघताना जिन्यात ती मुलगी मागे वळून म्हणाली, "सही कर," आणि गर्दीताईचा हात नकळत पदराला गेला, काहीतरी सांडलं असेल तर पुसायला.

कंपनीने नवीन टेक ऐकले. त्यांनी फक्त एक विचारलं, प्रेक्षकांना कळेल का? दिग्दर्शकाने लिहून पाठवलं, कळणार नाही. झालं. पहिलं नाव जाहिरातवालीचं लागलं. गर्दीताईचं दुसरं, थोडं खाली, थोडं लहान.

नवरा चार दिवस नीट बोलला नाही. "हातात आलेली गोष्ट कुणी अशी देतं?" तो म्हणाला. "लोकांना काय सांगू मी दुकानात?"

"सांगा, चुकून दुसरा नंबर लागला."

"चेष्टा नको."

चेष्टा नव्हतीच. रस्त्याच्या वळणावर मालिकेचा मोठा फलक लागला तेव्हा ती बसमधून उतरून त्याच्याखाली उभी राहिली होती. जाहिरातवालीचं नाव तिने दोनदा वाचलं. घरी येऊन भांडी जरा जोरात लावली. एक-दोनदा तिच्या मनात आलं, दिग्दर्शकाला फोन करावा, अजून सगळे भाग झालेले नाहीत, पुन्हा बदलू म्हणावं. फोन हातात घेऊन तिने किराणावाल्याला लावला.

पण सकाळी स्टुडिओत जायला ती आता लवकर तयार होई. जेवणाच्या सुट्टीतही खोलीतून बाहेर येत नसे, पुढची पानं वाचत बसे. चंद्रतळावरची बाई फारसं काही शौर्याचं करत नव्हती. ती गोदामवालीला सांगे, इथे मी झोपते. हे माझं भांडं आहे. मला अजून भूक नाही. तू विचारलंस म्हणून सांगते, मला राग आलाय. एकदा तर ती कितीतरी वेळ नुसती बोलत राहिली आणि गोदामवाली ऐकत राहिली, कारण वादळात जायला जागा नव्हती. त्या प्रसंगाला दिग्दर्शकाने एकच टेक घेतला. जाहिरातवालीला त्यात फक्त हुंकार होते. रेकॉर्डिंग झाल्यावर ती त्याच खालच्या आवाजात म्हणाली, "झालं?"

"झालं," गर्दीताई म्हणाली, आणि दोघी चहाला गेल्या.

मालिका लागली त्या संध्याकाळी सासूबाई सोफ्याच्या मधोमध, नवरा खुर्चीत, गर्दीताई चौकटीत. गॅसवर काही नव्हतं, तरी ती तिथेच उभी होती. गोदामवाली किल्ल्या वाजवत आली आणि बोलली. सासूबाई पुढे सरकल्या.

"हिला काय झालं? पडसं झालंय का?"

"चंद्रावर थंडी असते, आई," नवरा म्हणाला.

मग फळी आली, सामान आलं. हे कोणी लावलं? आणि उंच, हडकुळी, कधीच न दिसलेली चंद्रतळावरची बाई पहिल्यांदा पडद्यावर आली आणि म्हणाली, मी, माझी खोली आहे, मी ठेवीन तिथे राहील.

सासूबाई टीव्हीकडे बघत होत्या. मग त्यांनी मान वळवून चौकटीकडे बघितलं. नवऱ्याने चष्मा काढला नाही.

"ही तू," सासूबाई म्हणाल्या.

"हो."

"उलट बोलते फार."

"लिहून दिलंय आई तसं."

सासूबाई परत टीव्हीकडे वळल्या. पडद्यावर दोघी तावातावाने बोलत होत्या, एक फळीवरून डबे काढत होती, दुसरी ते परत ठेवत होती.

"पण खोली तिचीच आहे म्हणा," सासूबाई म्हणाल्या.

गर्दीताईने स्वयंपाकघरातला दिवा मालवला आणि ती सोफ्यापाशी आली.

"सरका थोडं, आई. मला तिथून नीट दिसत नाही."